मुलांचा सॉकर क्लब : पालकांनी काय पाहावे, कसे विचारावे



या वेळच्या अभ्यासलेखाचा विषय नेहमीपेक्षा थोडा वेगळा आहे. आपल्यापैकी अनेकांची मुले-मुली आठवड्यातले तीन-चार दिवस सॉकरच्या मैदानावर असतात. शनिवार-रविवार सामन्यांत जातो, कधी दोन-दोन तास गाडी चालवून दुसऱ्या शहरात जावे लागते. वंदनेनंतर चहा घेताना पालकांचे बोलणे बहुतेक वेळा याच विषयावर येते. "कोच नुसते ओरडतात." "माझ्या मुलीला शेवटची दहा मिनिटेच मैदानात उतरवतात." "दोन वर्षांत तीन कोच बदलले, क्लबचे चालले आहे तरी काय?" बोलणे तिथेच संपते. क्लबला कोणी काही विचारत नाही, कारण मनात भीती असते की बोललो तर राग मुलावर निघेल.

आपल्याकडे या भीतीला आणखी दोन कारणे जोडली जातात. पहिले, आपण कबड्डी-क्रिकेटवर वाढलो, त्यामुळे "सॉकरमधले आपल्याला काय कळते" असे वाटते. दुसरे, कोच म्हणजे शिक्षक, त्यांना जाब कसा विचारायचा, हा जुना संकोच. पण प्रश्न विचारायला खेळातले तज्ज्ञ असावे लागत नाही. निरीक्षण नीट असावे लागते आणि तो प्रश्न कोणापुढे मांडायचा हे माहीत असावे लागते. या लेखात एवढेच शिकायचे आहे : तक्रार कोणत्या प्रकारची आहे हे ओळखणे, ती मोजून-तपासून पाहणे आणि योग्य ठिकाणी नेणे.

१. क्लब चालतो कसा?

अमेरिकेत यू.एस. सॉकर फेडरेशन ही शिखर संस्था आहे. तिच्याशी यू.एस. यूथ सॉकर, यू.एस. क्लब सॉकर, एवायएसओ अशा संघटना संलग्न आहेत आणि आपला क्लब यांपैकी एखादीशी जोडलेला असतो. म्हणजे क्लबच्या वरही कोणीतरी आहे. यू.एस. यूथ सॉकरच्या तर राज्यवार संघटना आहेत. आपला क्लब कोणाशी संलग्न आहे, हे पहिल्याच दिवशी वहीत लिहून ठेवा.

क्लबच्या आत साधारण तीन पायऱ्या असतात. संघाचा कोच, त्याच्यावर डायरेक्टर ऑफ कोचिंग आणि सर्वांत वर बोर्ड, म्हणजे आपल्या भाषेत कार्यकारिणी. कोणाला कसे शिकवायचे, कोणता कोच कोणत्या संघाला द्यायचा, हे डायरेक्टर ठरवतो. पैसा, धोरण, कोणत्या लीगमध्ये खेळायचे आणि डायरेक्टरची नेमणूक हे बोर्डाचे काम. "कोच वाईट आहे" असे आपण म्हणतो तेव्हा अनेकदा मूळ निर्णय वरचा असतो. एकाच कोचकडे चार संघ दिले असतील तर तो सामन्याला उशिरा पोहोचणारच. तो दोष त्याच्या स्वभावाचा नाही, वेळापत्रकाचा आहे.

बरेच क्लब ५०१(सी)(३) प्रकारच्या ना-नफा संस्था असतात. अशा संस्थेला करखात्याकडे फॉर्म ९९० भरावा लागतो आणि गेल्या तीन वर्षांची ही विवरणपत्रे मागेल त्याला दाखवावी लागतात. ती इंटरनेटवरही सापडतात. उत्पन्न किती, खर्च कशावर, मुख्य अधिकाऱ्यांना मानधन किती, बोर्डावर कोण, हे त्यात दिसते. वार्षिक उत्पन्न साधारण ५०,००० डॉलरपर्यंत असलेल्या लहान संस्था मात्र अगदी छोटे विवरणपत्र भरतात, त्यातून फारसे कळत नाही. काही क्लब खाजगी मालकीचे असतात, तिथे हा मार्ग नाही.

याशिवाय संस्थेची घटना असते, म्हणजे बायलॉज. पालक हे मतदार सभासद आहेत की नुसते ग्राहक, वार्षिक सभा कधी, तक्रार कोणाकडे करायची, हे तिथे लिहिलेले असते. घटना वाचण्याचे महत्त्व आपल्या वाचकांना वेगळे सांगायला नको!

२. खेळण्याचा वेळ : आधी मोजा, मग बोला

सर्वांत जास्त तक्रारी याच विषयावर असतात आणि याच विषयावर अंदाज सर्वांत जास्त चुकतात. म्हणून आधी गणित करू.

यू.एस. सॉकरच्या रचनेप्रमाणे ६ ते ८ वर्षांखालील गटांत ४ विरुद्ध ४, ९-१० वर्षांखालील गटांत ७ विरुद्ध ७, ११-१२ वर्षांखालील गटांत ९ विरुद्ध ९ आणि त्यापुढे ११ विरुद्ध ११ असे सामने होतात. समजा, तुमची मुलगी १२ वर्षांखालील संघात आहे. सामना ३०-३० मिनिटांच्या दोन डावांचा. मैदानावर ९ जणी, म्हणजे वाटायला एकूण ५४० मिनिटे. संघात १६ मुली असतील तर समान वाटणीने प्रत्येकीला ३३ मिनिटे ४५ सेकंद मिळतात. गोलरक्षक पूर्ण वेळ एकच राहिली तर उरलेल्या १५ जणींना प्रत्येकी ३२ मिनिटे.

आता या आकड्याशी प्रत्यक्ष ताडून पाहा. पाच-सहा सामन्यांत ती मैदानात कधी गेली, कधी बाहेर आली, हे फोनवर टिपून ठेवा. सरासरी २८ मिनिटे निघाली तर तक्रारीला फारसा आधार नाही. ११ मिनिटे निघाली तर प्रश्न रास्त आहे. स्पर्धात्मक क्लबमध्ये समान वेळेची हमी बहुधा नसते. पण हंगामाच्या सुरुवातीला आपण सही केलेल्या कागदावर काय लिहिले आहे? "प्रत्येक खेळाडूला अर्धा सामना" असे आश्वासन असेल तर प्रश्न क्लबच्या स्वतःच्या शब्दाचा होतो. तसे काही लिहिलेले नसेल तर प्रश्न असा विचारावा : "तिला जास्त वेळ मिळण्यासाठी कोणत्या दोन गोष्टी सुधारायला हव्यात, आणि त्या सरावात कशा शिकवल्या जातील?" चांगला कोच या प्रश्नाला ठोस उत्तर देतो. "मेहनत करू द्या" हे उत्तर नव्हे.

इथे जन्ममहिन्याचाही विचार करा. एकाच वयोगटात पहिल्या महिन्यात जन्मलेले आणि शेवटच्या महिन्यात जन्मलेले मूल यांत जवळजवळ वर्षाचे अंतर असते. दहाव्या वर्षी ते अंतर उंचीत आणि ताकदीत स्पष्ट दिसते. निवड चाचणीत मोठे दिसणारे मूल 'हुशार' ठरते, त्याला चांगला कोच आणि जास्त सामने मिळतात, आणि मग ते खरोखरच पुढे जाते. खेळशास्त्रात यावर अनेक देशांत अभ्यास झाले आहेत. २०१७ पासून अमेरिकेत जानेवारी ते डिसेंबर असे जन्मवर्ष धरले जात होते. २०२६-२७ च्या हंगामापासून वर उल्लेख केलेल्या तिन्ही संघटनांनी १ ऑगस्ट ते ३१ जुलै असे चक्र ठरवले आहे. म्हणजे आजवर गटात सर्वांत लहान असलेले डिसेंबरचे मूल आता मधल्या फळीत येईल आणि जून-जुलैचे मूल सर्वांत लहान ठरेल. 'बी' संघात टाकले म्हणून मुलाच्या कुवतीवर शिक्का मारण्याआधी हे लक्षात घ्या. आणि कोचलाही विचारा : निवड करताना शरीराची वाढ आणि खेळाची समज यांत तुम्ही फरक कसा करता?

३. सराव कसा पाहावा?

सामन्याचा निकाल सर्वांना दिसतो, पण शिक्षण सरावात होते. एखाद्या संध्याकाळी खुर्ची टाकून घड्याळ लावून सराव पाहा. चार गोष्टी टिपा.

पहिली, मूल किती मिनिटे रांगेत उभे आहे आणि किती मिनिटे चेंडूशी खेळत आहे? नव्वद मिनिटांच्या सरावात चाळीस मिनिटे रांगेत जात असतील तर ते शिकणे नव्हे, वाट पाहणे आहे. यू.एस. सॉकरच्या प्राथमिक कोच-शिक्षणातला आराखडाच 'खेळ, सराव, पुन्हा खेळ' असा आहे. लहान-लहान संघ करून खेळायचे, मधे एक कौशल्य घोटायचे आणि पुन्हा खेळून पाहायचे.

दुसरी, कोच प्रश्न विचारतो की प्रत्येक पाऊल ओरडून सांगतो? "डावीकडे! मार! पास दे!" असे सतत ऐकणारे मूल स्वतः निर्णय घ्यायला शिकत नाही.

तिसरी, जिंकण्यासाठी शिकण्याचा बळी जातो का? १० वर्षांखालील ७ विरुद्ध ७ सामन्यात गोलरक्षकाने चेंडू हातातून सोडून लांब लाथाडायला मनाई आहे, आणि प्रतिस्पर्ध्यांनी एका ठरावीक रेषेमागे थांबायचे असते. मुलांनी मागून, पास देत खेळ उभा करायला शिकावे हा या नियमाचा हेतू. पुढच्या वयोगटात जाताच एखादा कोच "सरळ लांब मारा आणि वेगवान मुलाला पळू द्या" एवढेच करवून घेत असेल तर आज सामने जिंकले जातील, पण बाकीच्या मुलांना चेंडूच मिळणार नाही.

चौथी, चूक झाल्यावर काय होते? चूक दाखवून पुन्हा करायला लावणे वेगळे आणि सगळ्यांसमोर पाणउतारा करून बाकावर बसवणे वेगळे. मूल चुकल्यावर आधी चेंडूकडे पाहते की कोचच्या तोंडाकडे, एवढे पाहिले तरी संघातले वातावरण कळते.

कोचचे लायसन्स कोणते, हेही विचारायला हरकत नाही. प्राथमिक अभ्यासक्रमानंतर डी, सी, बी, ए अशा पायऱ्या असतात. पण लायसन्सवरून शिक्षण कळते, स्वभाव कळत नाही. तो मैदानावर जाऊनच कळतो.

४. किती खेळ पुरे?

आपल्या घरांत शिक्षणाला अपार महत्त्व आहे आणि ते असलेच पाहिजे. त्यातून नकळत सॉकर क्लबही 'क्लास' होतो : बारा महिने, रविवारीही, शिवाय खाजगी शिकवणी. पण दहा वर्षांच्या मुलाची वाढ प्रवेशपरीक्षेच्या गुणवत्ता यादीसारखी चालत नाही.

अमेरिकन अकॅडमी ऑफ पेडिॲट्रिक्सने २०१६ मध्ये दिलेला सल्ला स्पष्ट आहे : एकाच खेळात पूर्ण झोकून देणे साधारण १५-१६ वर्षांपर्यंत पुढे ढकलावे, आठवड्यातून एक-दोन दिवस सुट्टी असावी, आणि वर्षात एकूण किमान तीन महिने, एकेका महिन्याच्या तुकड्यांत का होईना, त्या खेळापासून विश्रांती असावी. क्लबचे वेळापत्रक याच्या विरुद्ध असेल तर तो बोर्डापुढे मांडण्याचा विषय आहे.

"कॉलेजची स्कॉलरशिप मिळेल" या आशेवरही बरेच काही सहन केले जाते. एनसीएएच्या स्वतःच्या अंदाजानुसार सर्व खेळ मिळून हायस्कूलच्या शंभर खेळाडूंपैकी साधारण सात जण त्यांच्या कॉलेज संघांत पोहोचतात आणि पहिल्या विभागात साधारण दोन. तिसऱ्या विभागातली कॉलेजे तर खेळासाठी स्कॉलरशिप देतच नाहीत. मुलाने स्वप्न जरूर पाहावे. पण त्या स्वप्नासाठी रोजचा अपमान गिळायला शिकवू नये.

५. जिथे थांबायचे नसते

आतापर्यंतचे प्रश्न चर्चेचे होते. काही गोष्टी चर्चेच्या नसतात, तिथे पायऱ्या चढत बसायचे नाही.

लैंगिक गैरवर्तन किंवा मारहाण यांची शंका आली तर थेट पोलीस किंवा बालसंरक्षण यंत्रणेकडे जा. तातडीचा धोका असेल तर ९११. खेळातील लैंगिक गैरवर्तनाच्या तक्रारींसाठी २०१७ पासून यू.एस. सेंटर फॉर सेफस्पोर्ट काम करते. २०१८ च्या संघराज्य कायद्याने कोचसारख्या प्रौढांवर अशी शंका २४ तासांत कळवण्याचे बंधन घातले आहे. "आम्ही आधी आपसात बघतो" असे क्लब म्हणाला तरी थांबू नका. तक्रार करणाऱ्यावर सूड घेणे हा सेफस्पोर्टच्या संहितेनुसार स्वतंत्र गुन्हा मानला जातो.

रोजच्या व्यवहारातल्या खुणाही माहीत असू द्या. या नियमांनुसार प्रौढ आणि मूल एकटे भेटत असतील तर ती भेट इतरांना दिसेल आणि मधे जाता येईल अशा ठिकाणी हवी. कोचने मुलाला खाजगी संदेश पाठवायचा नसतो, त्यात पालक किंवा दुसरा प्रौढ असावा लागतो. एकट्या मुलाचा खास सराव असेल तर तो पाहण्याचा पालकांना अधिकार आहे.

डोक्याला मार लागला तर मूल त्या दिवशी परत मैदानात उतरता कामा नये. २००९ मध्ये वॉशिंग्टन राज्याने याबाबत पहिला कायदा केला, आज सर्व ५० राज्यांत असे कायदे आहेत. शिवाय २०१५ मध्ये यू.एस. सॉकरने १० वर्षे व त्याखालील मुलांना डोक्याने चेंडू मारण्यास मनाई केली आणि ११ ते १३ वयात सरावात त्यावर मर्यादा घातली. "काही होत नाही, खेळ" असे कोच म्हणाला तरी मुलाला बाहेर काढण्याचा निर्णय तुमचा आहे.

वर्ण, नाव, उच्चार, डब्यातले जेवण यांवरून हिणवणे हाही याच भागात येतो. मूल घरी येऊन हे सांगते तेव्हा "दुर्लक्ष कर" म्हणू नका. कोण, काय शब्द, कधी, कोणासमोर, हे त्याच दिवशी लिहा आणि क्लबला लेखी कळवा. उत्तर आले नाही तर राज्य संघटनेकडे जा. असे टोमणे निमूट सोसायचे नसतात, हे आपल्या आधीच्या पिढ्यांनी फार मोठी किंमत देऊन आपल्याला शिकवले आहे.

६. प्रश्न कसा मांडावा?

दुसऱ्याचा दोष दाखवण्यापूर्वी काय तपासावे, हे तथागतांनी उपालीला सांगितले होते. त्यांनी पाच गोष्टी सांगितल्या : योग्य वेळी बोलावे, खरे तेच बोलावे, मृदू शब्दांत बोलावे, हिताचे बोलावे आणि मनात द्वेष न ठेवता मैत्रीभावाने बोलावे. भिक्खूसंघासाठी सांगितलेली ही कसोटी मैदानाच्या कडेलाही तितकीच उपयोगी पडते.

योग्य वेळ म्हणजे सामना संपल्याबरोबर नव्हे. अनेक क्लबांत २४ तास थांबण्याचा नियम असतो, तो नसला तरी पाळा. खरे म्हणजे स्वतः पाहिलेले आणि टिपलेले. "सगळे पालक म्हणतात" हे खरे नव्हे. मृदू म्हणजे कणखरपणा सोडणे नव्हे. हिताचे म्हणजे दुसऱ्याच्या मुलाशी तुलना न करता मागणे. आणि मैत्रीभाव म्हणजे कोचही दिवसभराची नोकरी उरकून संध्याकाळी मैदानावर येणारा माणूस असू शकतो, याचे भान.

आपल्यापैकी बरेच जण सॉफ्टवेअरमध्ये आहेत. "सिस्टम चालत नाही" एवढेच लिहिलेला बग आपण परत पाठवतो. काय अपेक्षित होते, प्रत्यक्षात काय झाले, कधी आणि किती वेळा झाले, हे लिहिले की दुरुस्ती सुरू होते. पत्रही तसेच असावे. उदाहरणार्थ :

"नमस्कार कोच. गेल्या सहा सामन्यांत आमच्या मुलीला सरासरी ११ मिनिटे खेळायला मिळाले. हंगामाच्या सुरुवातीच्या पत्रात प्रत्येकीला किमान अर्धा सामना असे म्हटले होते. यामागचे कारण समजून घ्यायचे आहे. तसेच तिने कशावर काम करावे हेही कळले तर बरे. या आठवड्यात सरावानंतर पंधरा मिनिटे भेटता येईल का?"

एवढे पुरे. भेटीनंतर काय ठरले ते दोन ओळींत लिहून पाठवा. दोन-तीन आठवड्यांत बदल झाला नाही तर डायरेक्टरकडे, त्यानंतर बोर्डाकडे, तेच कागद घेऊन जा. प्रश्न धोरणाचा असेल, जसे की कोच वारंवार बदलणे, लीग अचानक बदलणे, फीचा हिशोब न देणे, तर चार-पाच कुटुंबांनी मिळून एकच सहीचे पत्र द्यावे आणि बोर्डाच्या सभेत तो विषय इतिवृत्तात नोंदवण्याची विनंती करावी. व्हॉट्सॲप गटावरच्या शंभर संदेशांपेक्षा इतिवृत्तातल्या एका ओळीला वजन असते.

७. शेवटी, मुलाला विचारा

या सगळ्यात ज्याच्यासाठी धडपड चालली आहे त्याचे मत बहुधा राहूनच जाते. अकरा-बारा वर्षांचे मूल पत्र पाठवण्यापूर्वी "हे लिहू का?" असे विचारण्याइतके मोठे असते. सुरक्षिततेचा प्रश्न मात्र याला अपवाद, तिथे निर्णय आपला. परतीच्या वाटेवर गाडीत सामन्याचे शवविच्छेदन करू नका. "मजा आली का? नवीन काय करून पाहिलेस?" एवढे विचारा आणि मग भूक लागली का ते विचारा.

हंगामाच्या शेवटी तीन गोष्टी पाहा : मूल स्वतःहून बूट घालून तयार होते का, गेल्या वर्षीपेक्षा काही नवे शिकले का, आणि त्याला संघात मित्र आहेत का? तिन्हींचे उत्तर 'नाही' असेल तर क्लब बदलणे म्हणजे हार नाही. गावातला साधा मनोरंजन-गट, शाळेचा संघ किंवा दुसरा खेळही चालतो. क्लबचे नाव मोठे आहे म्हणून खेळाची आवड गमावून बसणे हा मात्र तोट्याचा सौदा आहे.

मुले आपल्याला पाहत असतात. अन्याय वाटला तर आई-बाबा गप्प बसतात, आरडाओरडा करतात, की कागद घेऊन शांतपणे प्रश्न विचारतात? यातले जे पाहतील तेच ती पुढे कॉलेजात आणि नोकरीत करतील.

चर्चेसाठी प्रश्न

१. तुमच्या क्लबची घटना आणि पालकांसाठीची नियमावली तुम्ही वाचली आहे का? तक्रारीची पायरी त्यात कोणती आहे?

२. तुमची सध्याची तक्रार एका वाक्यात लिहा. ती कोचची आहे, डायरेक्टरची आहे की बोर्डाची?

३. पाच कसोट्यांपैकी कोणती पाळणे तुम्हाला सर्वांत कठीण जाते?

४. आपल्या परिसरातील मुले कोणकोणत्या क्लबांत खेळतात याची यादी करून अनुभवी पालकांनी नव्या पालकांना मार्गदर्शन करण्याची व्यवस्था आपल्याला करता येईल का?

जय भीम!